एक्स-रे नॉर्मल होता तरी शेंगदाणा फुफ्फुसात कसा निघाला, आणि उजवीकडेच का?

नौपाड्याची_आई
नमस्कार, आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो, मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात आजीच्या मांडीवर बसून चिवडा खात होता, खाता खाता हसला आणि एकदम ठसका लागला, चेहरा लालभडक, मी पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तीन-चार मिनिटं जोरात खोकला आणि मग एकदम शांत, गाड्या घेऊन खेळायला पण लागला. आम्हाला वाटलं गेला घास खाली. तिसऱ्या दिवसापासून खोकला सुरू आणि रात्री छातीत शिटी वाजल्यासारखा आवाज, जवळच्या दवाखान्यात बालदमा असेल म्हणाले, औषध दिलं, आठवडा गेला, फरक शून्य, वर ताप. एक्स-रे काढला तोही नॉर्मल. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डावीकडे लावला, उजवीकडे लावला, परत डावीकडे, आणि विचारलं, याला मधे कधी ठसका लागला होता का? माझ्या पोटात गोळाच आला. दुर्बीण घालून उजव्या बाजूने अर्धा शेंगदाणा काढला. आता बरा आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये, आत अडकलेला असताना ठसका थांबला कसा? आणि एक्स-रेत दिसला का नाही?

ऐरोली_बायोवाला
ताई, बाळ बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी अकरावी-बारावीला बायो शिकवतो, त्यातलं सांगतो. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर एपिग्लॉटिसचं झाकण येतं, स्वरतंतू मिटतात आणि तेवढा क्षण श्वास थांबतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, वर सरकतं ते हाताला कळेल. पण हसताना किंवा रडताना मूल मधेच जोरात श्वास आत ओढतं, तेव्हा दार उघडंच असतं. श्वासनलिका मोठ्या माणसात साधारण 10 ते 12 सेंटीमीटर लांब असते, पुढे तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा आखूड, रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा, अडीच सेंटीमीटरच्या आसपास, डावा जवळपास दुप्पट लांब आणि हृदयाला वळसा घालून आडवा जाणारा. म्हणून खाली पडणारी वस्तू उजवीकडे जास्त जाते. 1897 साली जर्मनीत गुस्टाव किलियन यांनी नळी घालून पहिल्यांदा अशी वस्तू काढली, एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातलं हाड, तेही उजवीकडेच होतं.

ओटी_सिस्टर_वाशी
सरांचं बरोबर आहे पण लहान मुलांत थोडं वेगळं असतं. एवढ्या वयात दोन्ही फाट्यांच्या कोनात मोठ्यांइतका फरक नसतो, त्यामुळे डावीकडे पण बऱ्याच वेळा सापडतं, म्हणून दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय काही ठरवायचं नाही. मी बरीच वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, अशा केसेस बघितल्यात आणि प्रत्येक वेळी आई हेच सांगते, ठसका लागला आणि मग थांबला. थांबतो याचं कारण असं की स्वरयंत्र आणि फाटा फुटतो ती जागा, कॅरिना म्हणतात, तिथे खोकला उठवणाऱ्या नसा खूप तिखट असतात, दाणा ते ओलांडून एका बाजूला जाऊन बसला की खोकला शमतो. मूल खेळायला लागतं, घरचे विसरतात, हीच खरी फसगत. एक्स-रेचं म्हणाल तर नाणं, पिन दिसते, शेंगदाणा दिसत नाही, किरण त्यातून आरपार जातात. दिसतो तो त्याचा परिणाम. श्वास घेताना नळ्या जराशा फुगतात, हवा दाण्याच्या कडेने आत शिरते, सोडताना नळ्या आवळतात आणि दाणा बुचासारखा बसतो, मग त्या बाजूचं फुफ्फुस रिकामंच होत नाही, फुगलेलं राहतं. हे फुगलेपण श्वास सोडल्यावर काढलेल्या फोटोत कळतं, मोठ्या माणसाला श्वास सोडून धर म्हणता येतं, दोन वर्षांच्या मुलाला कसं सांगणार, म्हणून कधी कुशीवर झोपवून फोटो काढतात नाहीतर सीटी स्कॅन. आणि शेंगदाणा तर फार वाईट, आत ओलाव्याने फुगतो, तेलाने आतली त्वचा सुजते. दिवस गेले तर मागे कफ साठतो, ताप येतो, न्यूमोनिया होतो, तुमच्या बाळाला ताप आला तो बहुतेक त्यामुळेच. बाळाची श्वासनलिका जेमतेम त्याच्याच करंगळीएवढी असते, नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला अडथळा 16 पट होतो, मग विचार करा.

कळवा_आजोबा
मला यातलं एवढंच माहितीये, आमच्या नातवाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी शिकवलेलं. मूल आवाज काढून खोकत असेल तर खोकू द्यायचं, मधे हात घालायचा नाही. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर 5 थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब, आलटून पालटून, आणि कोणीतरी 108 ला फोन करायचा. वर्षाच्या वरच्याला छातीऐवजी पोटावर, बेंबीच्या वर. तोंडात दिसत नसताना बोट घालून शोधायचं नाही, आणखी आत ढकललं जातं. ठसका थांबला तरी पुढे लक्ष ठेवा.

नौपाड्याची_आई
सिस्टर, डावी-उजवी सारखी का ऐकत होते ते आता कळलं. उजवीकडे हवा कमी जात असल्याचा आवाज त्यांनी मलाही ऐकवला होता, डावीकडे झाडाची पानं हलल्यासारखं आणि उजवीकडे नुसती बारीक शिटी. काढलेला दाणा डबीत दिला होता, लालसर साल अजून चिकटलेली, आणि मूळच्यापेक्षा चांगला जाड झालेला. घरात अख्खे दाणे बंद केलेत, पोह्यात आता कूटच पडतो, सासूबाईंनी चिवड्यातले दाणे निवडून वेगळ्या बरणीत वरच्या फळीवर ठेवलेत. डाळं, चणे, मक्याचे दाणे पण चार-पाच वर्षांपर्यंत टाळायचे ना?

ओटी_सिस्टर_वाशी
हो, आणि सीताफळाच्या बिया विसरू नका.