रीजन्सी काळ, जादू आणि प्रेम: विनोद जमतो कसा?

प्रश्न: १८११ ते १८२० च्या, म्हणजे रीजन्सी काळातल्या, इंग्लंडातल्या विनोदी, जादूच्या प्रेमकथा वाचकाला एवढ्या का धरून ठेवतात? तशीच लिहायला घेतली आहे, पण विनोद ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद १: खरी गंमत त्या काळच्या नियमांत आहे. १७५३ च्या कायद्यानुसार परवाना नसेल तर चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा व्हावी लागे. तिसऱ्या रविवारी नाव वाचतावाचता पाद्री म्यांव करू लागला, की हशाही पिकतो आणि लग्नही अडतं. कायदा आधी नीट वाचा, जादू मग घाला.

प्रतिसाद २: जादूला मर्यादा हवीच. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी तिथल्या सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीन गावाला पळायची. लंडनहून तीनशेहून जास्त मैल! नायिका मंत्राने क्षणात तिथे पोचली, तर चिखल, घोडे बदलणं, मागावरचा मामा, सगळंच वाया. प्रेम जुळतं ते त्या हिंदकळणाऱ्या बंद गाडीतच.

प्रतिसाद ३: आणि पात्रांनी स्वतः हसू नये. आल्मॅक्स या लंडनच्या उच्चभ्रू क्लबातल्या बुधवारच्या नाचात ड्रॅगन शिरला, तर तिथल्या मानकरी बायकांची तक्रार एवढीच हवी, की त्याच्याकडे प्रवेशपत्रिका नाही.