मदत हवी आहे: घरच्या सरबतांवर उन्हाळा काढायचाय, पण संत्र्याचं कडू होतंय आणि पन्हं फसफसतंय

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरला राहतो. घरात मी, बायको, दोन मुलं (११ आणि ७ वर्षं) आणि माझे बाबा, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. माझं काम घरून चालतं म्हणून दुपारचं स्वयंपाकघर माझ्याकडेच असतं. मागच्या उन्हाळ्यात मी नुसतं बघावं म्हणून थंड पिण्यावरचा खर्च वहीत लिहीत गेलो, तर एप्रिल आणि मे मिळून ४,७०० रुपये झाले हो! त्यात मुलांच्या फ्लेवरवाल्या दुधाच्या बाटल्यांचेच १,९०० च्या आसपास, बाकी दोन लिटरवाली कोल्ड्रिंक्स आणि आंब्याचे टेट्रापॅक. इकडे पारा ४५ ला टेकतो, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की मुलं दर तासाला फ्रीज उघडतात, त्यांना नाही तरी कसं म्हणायचं. पण यंदा मोठ्याची फी वाढलीय आणि हे पैसे मला खरंच वाचवायचेत.

तर मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा माल फेकावा लागला.

मागच्या एप्रिलमध्ये कॉटन मार्केटमधून ३ किलो कैऱ्या आणल्या, उकडल्या, गर काढला, साखर घालून बाटल्या भरल्या आणि ओट्यावर ठेवल्या. सहाव्या दिवशी रात्री अडीचला स्वयंपाकघरात धाडकन आवाज आला. एका बाटलीचं झाकण उडून पन्हं पार फॅनच्या पात्यांपर्यंत गेलेलं, उरलेल्या बाटल्यांत वर बोटभर फेस आणि वास ताडीसारखा. बाबा दचकून उठून बसले ते पहाटेपर्यंत झोपले नाहीत, मला फार वाईट वाटलं.

दुसरं आत्ता पंधरा दिवसांपूर्वीचं. मृग बहाराची (फेब्रुवारी-मार्चात निघणारी) संत्री स्वस्त मिळाली म्हणून १० किलो घेतली, सोलून मिक्सरला फिरवली, गाळली, साखर घालून उकळी दिली. गाळताना चाखलं तेव्हा मधासारखं गोड होतं, संध्याकाळी धाकटीला ग्लास दिला तर तिने एक घोट घेऊन थुंकून टाकला. मी घेतलं, तर जिभेच्या मागच्या बाजूला कडुनिंबासारखं कडू! संत्री तर चांगली होती, तशीच खाल्लेली गोड लागली, मग हे कुठून आलं?

म्हणजे विचारायचंय ते हे, की संत्र्याचं कडू का झालं, पन्हं टिकवायचं कसं, आणि मुलांना फसफसणारंच हवं असतं तर घरी सोडा करायचं मशिन घेणं परवडतं का. आणि बाबांना चालेल असं काही असेल तर तेही सांगा. कोणी सगळ्याचा हिशोब केला असेल तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

दादा, आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे म्हणून संत्र्याचं मी सांगते. तुमची संत्री चांगलीच होती, चूक मिक्सरची आणि उकळीची. आपल्या नागपुरी संत्र्याच्या बियांमध्ये आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यात एक पदार्थ असतो जो मुळात कडू नसतो, पण रसाच्या आंबटपणात काही तास राहिला की त्याचं लिमोनिन होतं आणि ते जहाल कडू असतं. म्हणून फोड खाताना कळत नाही, ताजा रस पण गोड लागतो आणि संध्याकाळपर्यंत कडू होतो. मिक्सरला बिया फुटल्या, पडदे बारीक झाले, वर तुम्ही गरम केलं, गरम केल्यावर हे काम आणखी भराभर होतं. एकदा कडू झालं की साखर कितीही ओता, जात नाही. लिंबू फार जोरात पिळून बिया चिरडल्या की सरबत कडवट होतं ना, त्यातलाच प्रकार.

रस प्यायचाच असेल तर संत्रं आडवं कापून हाताने हलकं पिळायचं, बिया लगेच काढायच्या आणि अर्ध्या तासात पिऊन टाकायचं, तो साठवायच्या भानगडीत पडायचंच नाही.

पण स्वस्तातली गोष्ट पुढे आहे. संत्र्याचा सगळा सुगंध सालीत असतो आणि साल आपण फेकतो! ६ संत्री मिठाच्या कोमट पाण्यात चांगली चोळून धुवा, पुसा, आणि बारीक किसणीवर फक्त वरचा नारिंगी भाग किसून घ्या, पांढरं लागलं की थांबायचं, कडूपणा तिथे आहे. हा कीस १ किलो साखरेत हाताने चोळायचा, अगदी साखर ओलसर आणि केशरी होईपर्यंत, मग झाकून ४-५ तास ठेवायचा. सालीतलं तेल साखर ओढून घेते, डबा उघडलात की घरभर वास येतो. मग अर्धा लिटर पाण्यात ही साखर विरघळेपर्यंतच गरम करायची, गाळायचं, गार झालं की २ चहाचे चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालायचं, झालं. साधारण अकराशे मिली सिरप होतं, ग्लासाला ३० मिली धरलं तर ३५ ग्लास निघतात. संत्री तर तुम्ही खाल्लेलीच असतात, म्हणजे खर्च साखरेचा आणि लिंबूफुलाचा, ग्लास दोन रुपयांच्या आतच पडतो.

प्रतिसाद २

पन्ह्याला साखर किती घातली होती ते सांगा आधी.

धागाकर्ता

ताई, सालीचं वाचून थक्क झालो, १० किलोची सालं तेव्हाच घंटागाडीत गेली...

साखर म्हणाल तर १ किलो गराला अर्धा किलो. मुलांना जास्त गोड नको आणि साखरही वाचेल असा विचार केला होता.

प्रतिसाद २

तिथेच घोळ झालाय. मी रत्नागिरीची, आमच्याकडे दर मे महिन्यात रातांब्यांचं, म्हणजे ताज्या कोकम फळांचं, अमृत कोकम सिरप बरणीत पडतं आणि पुढच्या मे पर्यंत फ्रीजशिवाय टिकतं, ते केवळ साखरेच्या जोरावर. साधारण दोन तृतीयांश साखर असली की जंतूंना आणि यीस्टला वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. तुमच्या पन्ह्यात ती एक तृतीयांशच पडली, म्हणजे टिकण्याइतकी नाही आणि यीस्टला भरपूर खाऊ. त्यात नागपूरचा एप्रिल, बाटली ओट्यावर, गॅस धरणारच. मधलं माप घेऊन ते बाहेर ठेवलं की हमखास आंबतं.

म्हणून एकतर १ किलो गराला २ किलो साखर घालून घट्ट पाकासारखं करा आणि पिताना ६-७ पट पाणी घाला. किंवा साखर अजिबात न घालता गर तसाच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि क्यूब पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका. मी तर हे क्यूबच करते. एका ग्लासाला दोन क्यूब, आणि ज्याला जितकं गोड हवं तितकं त्याने घालावं. तुमच्या बाबांना त्याच क्यूबमध्ये भाजलेलं जिरं, पुदिना आणि अगदी चिमूट मीठ घालून बिनसाखरेचं देता येईल. गुळाने शुगर वाढत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वाढते.

बाटल्या काचेच्या घ्या, १५ मिनिटं पाण्यात उकळा आणि उन्हात पूर्ण कोरड्या करा, ओला चमचा त्यात कधी घालायचा नाही. आणि हे महत्त्वाचं, परत कधी फेस दिसला तर ती बाटली तोंडाजवळ धरून उघडू नका, जाड फडकं गुंडाळून सिंकमध्ये हळूहळू झाकण सैल करा. काच फुटली तर डोळ्यात जाते, घरात लहान मुलं आहेत.

प्रतिसाद ३

माझी आई टिकायला सोडियम बेंझोएट घालते, ते घातलं तर कमी साखरेत चालेल ना? दुकानदार केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पण देतो, दोन्हीत फरक काय?

प्रतिसाद २

चालतं, पण वजन करून घालायचं, किलोला अर्धा ग्रॅम पुरे, अंदाजाने चमचा नाही. लाल-जांभळ्या सरबताला बेंझोएटच, कारण केएमएस रंग उडवतं, कोकमाचा तो सुंदर रंग फिका पडतो. फिक्या रंगाच्या म्हणजे लिंबू, पन्हं यांना केएमएस घालतात. पण घरात चार महिन्यांत संपणार असेल तर मला दोन्हीची गरज वाटत नाही, फ्रीजर आहे ना.

प्रतिसाद ४

सोड्याचं मी सांगतो, मी मशिन घेऊन पस्तावलोय. मशिन महाग, ते सोडा, पण सिलिंडर संपला की बदलायची सोय सगळीकडे नसते, माझा दोन महिने रिकामा पडून होता. आधी बाजारातला ७५० मिलीचा साधा सोडा २० रुपयांना आणा, त्यात चार ग्लास होतात. म्हणजे ग्लासाला ५ रुपये सोडा आणि २ रुपये सिरप. मुलं खरोखर महिनाभर तेच पीत राहिली तर मग मशिनचा विचार करा. घेतलंत तर एक लक्षात ठेवा, गॅस फक्त साध्या थंड पाण्यात भरायचा, सिरप घातलेल्या पाण्यात भरायला गेलात तर सगळं बाहेर येतं.

फेस टिकायला सोडा आणि सिरप दोन्ही कडक थंड हवेत, गार पाण्यात गॅस जास्त राहतो. सिरप आधी तळाला, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा, चमच्याने एकदाच हलवायचं. खायचा सोडा आणि लिंबू किंवा ते फसफसणारं पित्ताचं चूर्ण घालून फेस आणायची आयडिया खूप जण सांगतील, बीपीवाल्या माणसाच्या घरात ती नकोच, सगळं सोडियम पोटात जातं.

आणि विकतच्या कोल्ड्रिंकचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ४० टक्के जीएसटी आहे, साखरेवर ५ टक्के. पाणी, साखर आणि गॅस आपण घरी एकत्र केले की तो फरक आपल्या खिशात राहतो. फक्त साखर घरची असो की बाहेरची, ती साखरच. ३० मिली सिरपमध्ये २५ ग्रॅमच्या वर साखर येते, म्हणजे कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीइतकीच. मी मुलांना २० मिली घालतो आणि वरून अर्धं लिंबू पिळतो, तक्रार येत नाही.

प्रतिसाद ५

फ्लेवरवालं दूध सगळ्यात सोपं आहे भाऊ, आणि तुमचे जास्त पैसे तिथेच चाललेत. १ लिटर दुधातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात २ चमचे कस्टर्ड पावडर कालवायची, बाकी दूध उकळलं की ती घालून ५ मिनिटं ढवळत राहायचं, ४-५ चमचे साखर, वेलची. गार झालं की छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये. दाटपणा तसाच येतो. दूध, साखर, पावडर धरून लिटरला ८० रुपये लागले तरी ५ बाटल्या होतात, म्हणजे १६ रुपयांना एक. फक्त दोन दिवसांत संपवायचं.

आणि नागपूरचे असून अंबाडी कशी विसरलात? अंबाडीची वाळलेली लाल फुलं रात्री पाण्यात भिजवायची, सकाळी एक उकळी देऊन गाळायची, रंग असा येतो की मुलांना विकतचंच वाटतं. आंबट असतं म्हणून लिंबाचा खर्च वाचतो, आणि उन्हाळ्यात लिंबू कुठे जातं ते २०२२ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी पाहिलंय, एकेक लिंबू १० रुपयांच्या वर गेलं होतं. बाबांना बिनसाखरेचं, जिरं घालून द्या.

माठात वाळ्याची जुडी सोडा. मुठीएवढी जुडी आधी ३-४ पाण्यांतून धुवायची, माती फार असते, मग दोऱ्याने बांधून माठात. चार दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायची, परत घालायची. बाबांसाठी याच्यासारखं काही नाही, साखर नाही, मीठ नाही, आणि पाणी आपोआप जास्त पिलं जातं. पण कूलरच्या ताटीसाठी विकतात तो वाळा घेऊ नका, पिण्याचा वेगळा मागा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रविवारी लगेच करून पाहिलं म्हणून सांगायला आलो.

संत्र्याची साल किसताना पहिल्या संत्र्यावर पांढरं लागलं, मग हात हलका केला. साखर चोळायला धाकटीला बसवलं, तिचे हात केशरी झाले आणि दिवसभर ती हाताचा वास घेत हिंडत होती. सिरप आज २४ तासांनी चाखलं, कडूपणाचा लवलेश नाही!! मोठ्याने सोड्यात घेतलं आणि विचारलं, ही कुठली नवीन कंपनी. दूध पण जमलं, पहिल्यांदा कस्टर्डच्या गुठळ्या झाल्या त्या गाळून घेतल्या.

बाबांचा माठ आज भरला. त्यांनी पहिला ग्लास प्यायला आणि म्हणाले, आपल्या रामटेकच्या घरी आजीच्या माठाला असा वास यायचा. दुपारपर्यंत चार ग्लास पाणी प्यायले, एरवी त्यांच्या मागे लागावं लागतं.

कैऱ्या अजून महाग आहेत, एप्रिलच्या मध्याला घेईन आणि यावेळी क्यूबच करणार. तोवर एक शेवटचं, वाळा मी इतवारीतून आणला पण अंबाडीची फुलं तिथे त्या दुकानात नव्हती. आत्ता मार्चअखेरीला मिळतील का, आणि घेताना बघायचं काय?

प्रतिसाद ५

मिळतील, हंगाम हिवाळ्याचा असला तरी वाळवलेली असतात. आठवडी बाजारात खेड्यातून येणाऱ्या बायकांकडे विचारा, दुकानापेक्षा स्वस्त देतात. रंग गडद लाल हवा, तपकिरी पडलेली जुनी असतात. मुठीत दाबून बघायचं, कडकडीत वाजली तर घ्या, मऊ लागली तर दमट आहेत, डब्यात बुरशी धरतील. पाव किलो आणलीत तरी तुमचा पूर्ण मे निघेल.