आधी नंबर सेव्ह करून घ्या
माल विकायला व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टवर (एकच निरोप एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय) व्हिडिओ टाकले तरी लोक बघतच नाहीत, असं म्हणतात ते निम्मंच खरं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी जास्तीत जास्त २५६ जणांची, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. बाकीच्यांकडे तो जातच नाही, मग बघणार कुठून?

आमची देवगडला हापूसची छोटी बाग आहे. नंबर सेव्ह करा, अशी चिठ्ठी आता प्रत्येक पेटीत घालतो. आणि व्हिडिओ नावानिशी करतो: "काकू, ही तुमची पेटी," म्हणत पेंढा बाजूला सारायचा, देठाजवळ धरलेला पिवळा रंग दाखवायचा. २० सेकंद पुरतात. पुण्याच्या एका काकूंनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत ११ पेट्यांची मागणी आली. बागेच्या देखण्या व्हिडिओंवर एवढी कधीच आली नव्हती.