प्रतिसाद: थर्मिस्टर बसवला तरी स्विच जळतोच

सेटचा चालू-बंद स्विच जळतो म्हणून एनटीसी थर्मिस्टर (थंड असताना करंट अडवणारा, तापला की सोडणारा रेझिस्टर) बसवा असं वर सुचवलंय. ते योग्यच, पण तो फक्त सुरू होताना येणारा करंटचा झटका अडवतो. सेट बंद करून लगेच चालू केलात तर गरम थर्मिस्टर काहीच अडवत नाही, मिनिटभर थांबा. चालू असताना तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून वायर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपासून लांब ठेवा.

व्हॉल्यूमच्या पॉटमागचा (आवाजाच्या बटणामागचा) हा स्विच वाचवायचा तर २३० व्होल्ट एसी कॉइलचा रिले (कॉइलमधल्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. स्विचवर फक्त कॉइलचा करंट येतो. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सवर वापरायचा) कपॅसिटर यांचा स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारी जोडणी, मात्र कॉइलला समांतर जोडा. स्विचला समांतर जोडलात तर स्विच बंद केल्यावरही त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर करंट वाहत राहतो आणि छोटा रिले कधी कधी सुटतच नाही. फ्यूज सगळ्यांच्या आधी, लाइनमध्ये (फेजच्या वायरमध्ये).