इकॉनॉमिक्स की कॉम्प्युटर सायन्स? मुलगी एच-४ वर

नमस्कार मंडळी,
मुलगी बारावीत आहे, एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा). ओढा इकॉनॉमिक्सकडे, नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर सायन्सच घे. कॉलेजच्या अर्जाआधी काय तपासावं?
– सु. दे., न्यू जर्सी

सु.ताई,
मेजरच्या (मुख्य विषयाच्या) नावाआधी त्याचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, बघा. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, त्यामुळे मध्येच एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा आलाच. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे एफ-१ वर आपल्या विषयात काम करायची परवानगी, १२ महिन्यांचं. त्यावर २४ महिने वाढवून मिळतात ते फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोडला. साधं इकॉनॉमिक्स, ४५.०६०१, त्या यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, ४५.०६०३, आहे. काही विद्यापीठं आपल्या इकॉनॉमिक्सला दुसरा कोड लावतात, काही पहिला. मेजरच्या नावावरून ते कळेलच असं नाही. इंटरनॅशनल ऑफिसला सरळ ईमेल टाका: या मेजरच्या आय-२० वर (एफ-१ साठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) कोणता कोड येतो? उत्तर लेखी घ्या. आणखी एक मेख: वाढीव २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत) हवी.

कॉलेज स्कोरकार्ड या सरकारी साइटवरचे मेजरनिहाय पगार जपून वाचा. त्यात फक्त फेडरल मदत घेतलेले विद्यार्थी मोजतात. एच-४ आणि एफ-१ वाल्यांना ती मदतच नाही, म्हणजे आपली मुलं त्या आकड्यांत नाहीत.
– अ. कु., सॅन होजे

पुरवणी जोडतो. ‘आधी आत शिरू, मग मेजर बदलू’ हा हिशेब कॉम्प्युटर सायन्सला लावू नका. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये थेट प्रवेश हुकला तर नंतर आत येणं फार अवघड. बर्कलीतही २०२३ पासून अर्जातच ते मेजर मागावं लागतं. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला, कॉम्प्युटर सायन्स प्लस इकॉनॉमिक्स अशी एकत्र पदवी आहे. तुमच्या मुलीसाठी मी तीच आधी बघेन.

आणि गणित! क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सला बहुतेक ठिकाणी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा लागतं. एक कोर्स सुटला की पुढचे अडतात, आणि पुढचा कोर्स वर्षातून एकदाच असेल तर अख्खं वर्ष जातं. यंदा एपी कॅल्क्युलस बीसी (शाळेतच घ्यायचा कॉलेज पातळीचा कोर्स) झेपत असेल तर सोडू देऊ नका.
– वि. जो., शिकागो

आभार दोघांचे. कोड नंतर बदलून घेता येतो का?
– सु. दे.

शिकत असताना मेजर बदललं तर नवा आय-२० मिळतो. पदवी ज्या कोडवर झाली तो मात्र मागाहून बदलून मागता येत नाही. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या आतच मेजर पक्कं करून आय-२० तपासा.
– अ. कु.