रानातल्या औषधी रोपांना नर्सरीत रोज पाणी: द्यावं की नाही?

मलप्रभाकाठ (खानापूर)
आपल्या बेळगाव भागातल्या बऱ्याच नर्सऱ्यांत एकच पद्धत दिसते. सकाळी पाईप धरायचा आणि सगळ्या पिशव्या एकाच मापानं भिजवायच्या. झेंडूला जेवढं, तेवढंच हिरड्याला. माझं स्पष्ट मत आहे की रानातल्या औषधी रोपांना हे रोजचं पाणी मारक आहे आणि ते बंद झालं पाहिजे.

हिरडा, बेहडा, मुरुडशेंग ही पानझडीच्या जंगलातली. कोरडे दिवस आले की पानं टाकणं हा त्यांचा स्वभाव. नर्सरीत मात्र पान गळायला लागलं की माणूस घाबरतो आणि पाणी वाढवतो. पानं नाहीत म्हणजे रोप पाणी फारसं ओढत नाही. पिशवी ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मग रोप मलूल दिसतं म्हणून आणखी पाणी! कळलावी आणि सफेद मुसळीचं तर पावसाळा सरल्यावर वरचं सगळं वाळून जातं, मातीत फक्त कंद-मुळं विसावलेली असतात. तेव्हा पाणी घालणं म्हणजे ती कुजवणंच. भीमगडच्या रानात मार्चमध्ये कोण झारी घेऊन फिरतं?

जांबोटीची रोपवाली
दादा, रानात झारी नसते, पण रानात पिशवीही नसते. तिथलं मूळ पाचोळ्याखालच्या गार मातीत हवं तेवढं खोल जातं. आमच्या काळ्या पिशवीत वीतभर माती. एप्रिलमध्ये ती पिशवी हाताला चटका देते, सकाळी भिजवलेली संध्याकाळी कोरडी. रानात ढीगभर बिया पडतात आणि त्यातली एखादी मोठी होते. मला तो हिशेब परवडत नाही, मला हातातलं प्रत्येक रोप जगवायचं असतं.

आणि उदाहरणं तुम्ही सोयीची घेतलीत. सीता अशोक ओढ्याकाठचा. नरक्या सदाहरित रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. त्यातलं कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य कर्करोगाच्या औषधांसाठी लागतं, आणि त्यापायी सह्याद्रीत तो बेसुमार तोडला गेला. अशोकाचं बी वाळलं की गेलंच. गोळा केल्या केल्या पेरायचं आणि उगवेपर्यंत वाफा सुकू द्यायचा नाही. अशा रोपांचं पाणी तोडा असं सरसकट सांगू नका, फार जीव लागतो ती वाढवायला.

निपाणीचा वैद्य
दोघांच्याही यादीत वेखंड नाही. त्याला रोजचं पाणीही कमीच, चिखलच हवा. ब्राह्मीचंही तेच. उलट गुळवेलीची काडी नुसती टांगून ठेवली तरी फुटते, आणि ती पाणथळ पिशवीत खोचली की सडते. औषधी म्हणून सगळ्यांना एका वाफ्यात बसवणं हीच मूळ अडचण.

अथणीचा शेतकरी
मी रोपं विकत घेणारा, माझंही ऐका की ओ. खानापूर आणि अथणी एकाच जिल्ह्यात, पण खानापूरकडच्या कणकुंबीचा पाऊस कुठं आणि आमचा कुठं! आमची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडतात. शेडनेटखाली रोज भिजलेलं लुसलुशीत रोप इथं आणून लावलं की पहिल्याच उन्हाळ्यात जातं. पैसे जातात आणि वर्षही जातं. विकण्याआधी महिनाभर तरी रोपं हळूहळू उन्हात काढा, पाण्याच्या पाळ्या लांबवत न्या. गिऱ्हाईक हिरवंगार बघून घेतं म्हणून हे टाळलं जातं. मी तर आता उंच रोप घेतच नाही, बुटकं आणि जाड खोडाचं निवडतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)
वेखंड आणि ब्राह्मी पाण्यातलीच, ती मी सोडूनच बोलत होतो. बाकी अथणीकर म्हणतात तेच माझं म्हणणं, फक्त मी ते शेवटच्या महिन्यापुरतं ठेवणार नाही. रोज वरवर शिंपडलं की वरची दोन बोटं माती ओली होते, मूळ तिथंच घुटमळतं. एकदा तळापर्यंत भिजवा, मग बोट घालून बघा, आत कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. शिवाय कायम ओल्या गादीवाफ्यावर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात, ती मर नर्सरीवाल्यांनी पाहिलेलीच आहे.

जांबोटीची रोपवाली
मर येते ती दाट पेरणीनं आणि निचरा नसल्यानं. वाळू वाढवा, पिशवीला नीट भोकं पाडा, बी विरळ टाका. आणि पिशवीत मूळ खाली जाऊन जाणार कुठं? तळाशी गोल फिरतं. पाणी तोडून ते सुटत नाही. अधूनमधून पिशव्या उचलून जागा बदलाव्या लागतात, बाहेर आलेली मुळं छाटावी लागतात. ते कष्टाचं काम आहे, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

बोट घालून बघायचं मान्य. हिरडा-बेहड्याचे वाफे वेगळे करायचे, कळलावीच्या कुंड्या पावसाळ्यानंतर छपराखाली कोरड्या ठेवायच्या, अथणीकडं जाणारी रोपं आधी उन्हात काढायची, हेही मान्य. पण नरक्या आणि अशोकाच्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यात सावली आणि रोज पाणी, यावरून मी हटणार नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)
ताई, अशोकाचं मान्य, तिथं माझा आग्रह नाही. नरक्याचं मात्र पटत नाही. दाट सावली असेल तर त्याचीही पिशवी रोज सुकत नाही. यंदा त्याच्या काही पिशव्या बोट घालूनच भिजवा आणि काय दिसतं ते इथं लिहा.