नऊ हजार किलोमीटरची क्लासिक आणि तिचा भाव

शहापूरकर
काल इथं एकानं ठणकावून लिहिलं: "विकायची आहे: २०१६ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, फक्त ९ हजार किमी, कव्हर घालून घरात उभी. न पळालेली गाडी म्हणजे नवीच. एक रुपया सोडू नका. आठवड्यातून पाच मिनिटं चालू केली की झालं." त्याखाली सगळे माना डोलावतायत. अहो, याच सल्ल्यानं बेळगावात चांगल्या गाड्या कुजतात!

पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये धरलेलं पाणी तिथंच राहतं आणि सायलेन्सर आतून खातं. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं जागेवर उभ्या गाडीत भरून येत नाही. चालू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

उभीच ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी टाकी आणि आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस, म्हणजे आतून गंज. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, ते ओल ओढतं. म्हणून पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेलं काढून टाका. नाहीतर पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, चिकट थरानं बुजतो आणि गाडी चोकशिवाय चालू राहत नाही, नेमकी गिऱ्हाईक समोर असताना. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, महिन्यातून एकदा चार्जर लावा. गाडी मेन स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, आणि एअर फिल्टरचा डबा उघडून बघत राहा, उंदीर तिथंच घर करतात.

टिळकवाडी_३५०
ती पोस्ट माझी. पाच मिनिटांचं तुमचं बरोबर असेल, ते घ्या. पण भावाचं काय? ९ हजार किमीत पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा झिजत नाहीत. ६० हजार पळालेलीचं इंजिन उघडावं लागलं तर खर्च कुठं जातो ते कुठल्याही मेस्त्रीला विचारा. इथं लागलं तर बॅटरी आणि कार्बोरेटर साफ. भाव इंजिनाचा असतो, रबराचा नव्हे.

खानापूरचा_पाऊस
रबराचा नव्हे? टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २२१६ म्हणजे २०१६ चा २२ वा आठवडा. खाच कितीही खोल दिसू दे, ते रबर आता कडक झालंय. जांबोटीपासून पुढं चोर्ला घाटाच्या ओल्या वळणावर ते धरत नाही. पाच-सहा वर्षांनंतरचा टायर मी नक्षी बघून पास करणार नाही, आणि कुणी करू नये.

तिथंच थांबू नका. पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) नळीवर पांढरा कागद फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. बसून राहिलेल्या गाडीचं सील सुकतं, नळीवर गंजाचे ठिपके धरतात आणि पहिल्या खड्ड्यात तेच ठिपके सील कापतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी घेतं, दर दोन वर्षांनी बदलायचंच. नाही बदललं तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन अडकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलताना पुढचं चाक जड लागलं की समजा.

दोन टायर-ट्यूब, बॅटरी, इंजिन ऑइल-फिल्टर, ब्रेक ऑइल, कार्बोरेटर: दहा हजारांच्या आसपास गेले. विकणाऱ्यानं करून बिलं दाखवावीत, नाहीतर तेवढे सोडावेत. किलोमीटरचा काटा कुणीही फिरवतो. गिऱ्हाईक फूटरेस्टचं रबर, स्प्रॉकेटचे दात आणि सर्व्हिसची बिलं बघतं.

टिळकवाडी_३५०
टायर मान्य, नाइलाजानं. पण दहा नाही. पाच सोडीन, टायर त्यानं आपल्या पसंतीचे घालावेत.

चंदगडी
भावाचं राहू द्या की. आम्ही शिनोळीपलीकडची, महाराष्ट्रातली माणसं, बाजार बेळगावचा, गाडीही बेळगावातच बघतो. केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची, घेतली की महाराष्ट्रात परत टॅक्स. एकाच देशात १५ वर्षांचा टॅक्स एकदा भरलेला, वेस ओलांडली की पुन्हा भरा! म्हणून सगळे नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन, नाव न बदलता तशीच चालवतात. विकणाऱ्याचं काय बिघडतंय?

शहापूरकर
काय बिघडतंय? सगळं बिघडतंय! आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की गाडी विकून हातबदल झाली तरी नोंदीत नाव असलेल्या माणसालाच अपघाताची भरपाई द्यावी लागते. तुमच्या चंदगडच्या रस्त्यावर कुणाला धडक बसली आणि विमा संपलेला असला, तर नोटीस टिळकवाडीत येणार. असला सल्ला देऊ नका.

चंदगडी
आवाज चढवू नका अण्णा. सल्ला देत नाही, चालतं ते सांगतोय. दुहेरी टॅक्सवर तुम्ही एक शब्द बोलत नाही. एजंटचं भलं करायचं असेल तर तसं सांगा.

निपाणीकर
एजंट लागत नाही, हे दोघांनीही ऐका. परराज्यात विकायची तर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, त्यासाठी फॉर्म २८ च्या तीन प्रती, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा, आरसी, विमा, पीयूसी. कर्ज होतं तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवा. चलन थकलं असेल तर अर्ज पुढं सरकत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेटही हवी.

पण एनओसी आधी काढून ठेवू नका. गिऱ्हाईक फिरलं तर तीच गाडी कर्नाटकात विकायला आधी एनओसी रद्द करून घ्यावी लागते. इसार खात्यावर घ्या, मग अर्ज करा. विक्री आरटीओला कळवायला परराज्यासाठी विकणाऱ्याला ४५ दिवस आहेत, राज्यातल्या राज्यात १४. टॅक्सबद्दल चंदगडीचा राग खरा आहे. महाराष्ट्रातला टॅक्स गाडीचं वय धरून लागतो, आणि कर्नाटकातल्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण तिकडची नवी आरसी हातात आल्यावर. म्हणजे आधी खिशातून घालायचे.

चंदगडी
परतावा मागायला बेळगावच्या खेपा कोण घालणार? आणि केए नंबरवर १२ महिने चालतंच की.

शहापूरकर
१२ महिने मालकाला गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायला आहेत. विकत घेतलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर फिरवायला नाहीत. दोन्ही एक करू नका.

चंदगडी
बरं, नावावर करून घेतो. पण टॅक्स भावातून वजा.

टिळकवाडी_३५०
टायर माझे, टॅक्सही माझा? जमणार नाही. चंदगडला विकण्यापेक्षा शहरातल्या शहरात कमी भावानं देईन.

खानापूरचा_पाऊस
तेच करा, कागद सोपे पडतील. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका, जाणकार माणूस पहिला हात इंजिनावर ठेवतो. चक्कर मारायला देताना त्याचं लायसन्स आणि त्याच्या गाडीची किल्ली आपल्याकडे ठेवा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. विमा नावावर करायला त्याला १४ दिवस आहेत, आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची विमा हप्त्यातली सूट) तुमचा राहतो, विमा कंपनीकडून त्याचं पत्र तेवढं मागून घ्या.